वळिवडे : पाच वर्षांचे गाव, आठ दशकांची आठवण

पोलंड म्हटले की आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांच्या डोळ्यांपुढे काही ठरावीक चेहरे उभे राहतात. फेब्रुवारी १९८६ मध्ये पुण्याला येऊन गेलेले पोप जॉन पॉल दुसरे; ऑशविट्झच्या छळछावणीत दुसऱ्याच्या वाट्याचे मरण स्वतःवर ओढवून घेणारे संत मॅक्सिमिलियन कोल्बे; आणि दैवी दयेच्या तसबिरीमुळे घरोघरी पोहोचलेल्या संत फाउस्टिना. हे चेहरे आपल्या प्रार्थनेतले आहेत, भिंतीवरचे आहेत. पण याच पोलंडचे एक अख्खे गाव १९४३ ते १९४८ या काळात आपल्या महाराष्ट्रात, कोल्हापूरच्या वेशीजवळ वळिवडे येथे नांदून गेले, हे आपल्यापैकी फार थोड्यांच्या ध्यानात असते. सुमारे पाच हजार माणसांच्या त्या वस्तीत चर्च होते, शाळा होत्या, इस्पितळ होते, टपालघर होते, नाटकाचा रंगमंच होता. मराठी मुलखात पंचगंगेच्या काठी रोज पोलिश लोकांची मिस्सा होत होती.

या गावाचा इतिहास सांगणे एवढाच आमचा हेतू नाही. तो इतिहास गेल्या पाव शतकात पुष्कळ सांगितला गेला आहे. लंडनमधील ‘भारतातील पोलिश लोकांच्या मंडळाने’ १९४२ ते १९४८ या काळातील कागदपत्रे आणि आठवणी एकत्र करून २००० साली पोलिश भाषेत मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे तो इंग्रजीतही आला. २०१२ साली अनुराधा भट्टाचार्जी यांचे ‘द सेकंड होमलँड’ हे संशोधनपर पुस्तक निघाले. २०१३ साली ‘अ लिटल पोलंड इन इंडिया’ हा माहितीपट आला. याशिवाय दगडांवर कोरलेले लेखन आहे : कोल्हापूरच्या महावीर उद्यानातील १९९८ चा स्मृतिस्तंभ, वळिवडे येथे सप्टेंबर २०१९ मध्ये अनावरण झालेला स्तंभ आणि वॉर्सा शहरातील २०१७ चे कोल्हापूर स्मारक. ग्रंथ असो की शिळा, हे सारे एकाच गावाचे वाचन आहे. ते वाचन कितपत खरे, कितपत पुरे, आणि आपण मराठी ख्रिस्ती वाचकांनी त्यातून काय घ्यावे, हा आमच्यापुढचा प्रश्न आहे.

हे वाचन आम्ही ताम्हिणी येथील मुक्कामात केले. विंझाई देवीचे हे गाव पुण्याहून कोकणात उतरणाऱ्या घाटवाटेवर आहे आणि तेथे येताना मुळशी धरणाचे पाणी रस्त्याला सोबत करीत राहते. पंचगंगेकाठच्या पोलिश गावाचा आणि मुळशीच्या या पाण्याचा संबंध काय, असे वाचकांना वाटेल. तो संबंध लेखाच्या शेवटी सांगू. आधी गावाची ओळख करून घेऊ.

सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनीने आणि १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत रशियाने आक्रमण केले. पूर्व पोलंड रशियाच्या ताब्यात गेल्यानंतर फेब्रुवारी १९४० पासून तेथील कुटुंबे रात्री-अपरात्री घराबाहेर काढून गुरांच्या डब्यांतून सैबेरियात, कझाकस्तानात आणि उत्तरेकडील अरण्यांत नेण्यात आली. शेतकरी, शिक्षक, वनरक्षक, पोलिसांच्या बायका, लष्करी अधिकाऱ्यांची मुले अशी लाखो माणसे त्यांत होती. लाकूडतोड, उपासमार, विषमज्वर आणि थंडी यांत किती जण दगावले, याची मोजदाद आजही वादाची आहे. जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावरच चाल केली, तेव्हा राजकारणाचे पारडे फिरले. ३० जुलै १९४१ रोजी लंडनमधील पोलिश सरकारचे पंतप्रधान सिकोर्स्की आणि रशियाचे राजदूत मायस्की यांच्यात करार झाला, कैद्यांना मुक्ती मिळाली आणि जनरल अंडर्स यांच्या नेतृत्वाखाली पोलिश सेना उभी राहू लागली. १९४२ मध्ये या सेनेसोबत बायकामुले धरून सुमारे १ लाख १५ हजार माणसे कास्पियन समुद्र ओलांडून इराणमध्ये पोहोचली. पुरुष लढाईवर गेले. स्त्रिया, मुले आणि वृद्ध यांना जगभर वाटून देण्यात आले : कोणी पूर्व आफ्रिकेत, कोणी मेक्सिकोत, कोणी न्यूझीलंडमध्ये आणि काही हजार भारतात.

भारतात सर्वांत आधी आली ती अनाथ मुले. १९४२ मध्ये त्यांच्यातील पहिली तुकडी काही काळ आपल्या वांद्र्यात राहिली आणि मग नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे उभारलेल्या छावणीत गेली. या मुलांसोबत आलेली प्रख्यात पोलिश गायिका हांका ओर्दोनूवना हिने त्यांच्या भटकंतीवर पुढे एक पुस्तक लिहिले. कराचीजवळ तात्पुरत्या छावण्या होत्या, पाचगणीला आजाऱ्यांसाठी सोय होती. सर्वांत मोठी आणि सर्वांत दीर्घकाळ टिकलेली वस्ती मात्र वळिवड्याची. १९४३ च्या मध्यावर ती वसू लागली. १९४६ मध्ये बालाचडीची छावणी बंद झाली तेव्हा तेथील मुलेही वळिवड्यालाच आली.

येथे एका शब्दाकडे लक्ष वेधले पाहिजे. सरकारी कागदांत या जागेचे नाव ‘पोलिश निर्वासित छावणी’ असे आहे. तेथे राहणारे पोलिश लोक मात्र तिला छावणी म्हणत नसत. त्यांच्या भाषेत ती ‘ओशेद्ले’, म्हणजे वसाहत होती. हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. छावणीत रांग असते, ताटली पुढे करावी लागते, अन्न एकाच भटारखान्यातून येते. वळिवड्याला दगडी जोत्यावर लांबच लांब चाळी होत्या, भिंती चटयांच्या आणि छप्पर कौलारू. पण प्रत्येक कुटुंबाला आपल्या खोल्या, आपला ओटा आणि आपले स्वयंपाकघर होते. हाती भत्ता मिळे, बाजार स्वतः करावा लागे आणि चूल स्वतः पेटवावी लागे. सैबेरियात सार्वजनिक सुपाच्या भांड्यासमोर उभ्या राहिलेल्या बाईला स्वतःची चूल मिळणे म्हणजे काय, हे सांगायला मोठे शब्द लागत नाहीत. वळिवडे गाव झाले ते या चुलीपासून, असे आम्हांस वाटते. आठवणींच्या ग्रंथात प्रशासनाची माहिती पुष्कळ आहे. पण गावपण कोठून आले याचा शोध घेणाऱ्याने आधी या स्वयंपाकघराशी थांबावे.

चुलीनंतर चर्च आणि शाळा. आपल्या वसईतील जुन्या धर्मग्रामांची घडण ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. पाच हजारांची ही वस्ती म्हणजे एक मोठा धर्मग्रामच होता. बाप्तिस्मे झाले, प्रथम कम्युनियन झाले, लग्ने लागली आणि अंत्यविधीही झाले. पोलिश घरात नाताळच्या आदल्या संध्याकाळी आकाशात पहिला तारा दिसेपर्यंत जेवत नाहीत. मग एक पातळ पापडी सर्वांनी मोडून वाटून घ्यायची आणि टेबलाशी एक ताट अनोळखी पाहुण्यासाठी मोकळे ठेवायचे, अशी रीत आहे. या रीतीचा अर्थ वळिवड्यात उलटा झाला होता. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या परक्यासाठी ताट मांडले तेच आता परक्या भूमीत पाहुणे होते. मत्तयच्या शुभवर्तमानातील अंतिम न्यायाचा प्रसंग आपण प्रवचनात वारंवार ऐकतो. परक्याला आश्रय देणाऱ्याच्या बाजूने तो आपण ऐकतो. आश्रय मागणाऱ्याच्या बाजूने तो कसा ऐकू येत असेल, याचा विचार या आठवणी करायला लावतात.

शाळांबाबतही हेच. प्राथमिक शाळा होत्या, माध्यमिक विद्यालय होते, हस्तव्यवसायाचे वर्ग होते. ज्या मुलांची दोन-तीन वर्षे बर्फात वाया गेली होती ती पंचगंगेकाठी बसून शालान्त परीक्षेची तयारी करीत होती. बालवीर आणि वीरबालांची पथके तर या वस्तीचा प्राण होती. या पथकांचे नेतृत्व करायला आलेल्यांपैकी एक लष्करी अधिकारी म्हणजे झ्जिस्वाव पेश्कोव्स्की. कोझेल्स्कच्या ज्या युद्धकैदी छावणीतील हजारो पोलिश अधिकारी कातिनच्या अरण्यात मारले गेले तेथून ते बचावले होते. पुढे ते धर्मगुरू झाले आणि कातिनच्या मृतांच्या कुटुंबांचे आध्यात्मिक आधार म्हणून २००७ पर्यंत जगले. मृत्यूच्या यादीतून सुटलेला माणूस कोल्हापूरच्या माळावर मुलांना शेकोटीभोवती गाणी शिकवतो, यात या वसाहतीचे सारे चारित्र्य आले.

आता ‘उपनगर’ या शब्दाचा विचार करू. आपल्या वाचकांना तो वसई-विरारच्या अनुभवातून चांगलाच कळतो. उपनगर म्हणजे मोठ्या शहराभोवती फिरणारे लहान गाव. त्याचा कामधंदा, बाजार आणि घड्याळसुद्धा त्या शहराच्या तालावर चालते. नकाशावर पाहिले तर वळिवडे हे कोल्हापूरचे उपनगर. भाजी, दूध, कापड, शिंपी, फेरीवाले कोल्हापूरचे आणि आसपासच्या खेड्यांतले. पण या वस्तीचा पैसा येई तो लंडनमधील पोलिश सरकारकडून, मुंबईच्या पोलिश वकिलातीमार्फत. वर्तमानपत्र येई ते मुंबईत छापलेले ‘भारतातील पोल’. आणि मन फिरे ते ल्वूव आणि विल्नो या शहरांभोवती. म्हणजे हे उपनगर कोल्हापूरच्या जवळ होते, पण ज्या केंद्राभोवती ते फिरत होते ते केंद्र हजारो मैल दूर होते. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे मोठ्या राष्ट्रांनी ते केंद्रच नकाशावरून हलवले. पूर्व पोलंड रशियाकडे गेला. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. वळिवड्याची माणसे युद्ध जिंकणाऱ्यांच्या बाजूची होती आणि तरी त्यांचे घर गेले. याच काळात त्यांचे नवरे आणि भाऊ इटलीत मॉन्ते कासिनोच्या टेकडीखाली पुरले गेले होते. वॉर्सातील कोल्हापूर स्मारक मॉन्ते कासिनोच्या स्मारकाजवळ आहे, ही गोष्ट आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते. निदान दगडात तरी ती कुटुंबे एकत्र आली.

संयुक्त राष्ट्रांच्या मदत संस्थेने पुढचा कारभार हाती घेतला. परत पोलंडला जाणारे थोडेच निघाले. बाकीचे इंग्लंड, पूर्व आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि अमेरिका असे पांगले. १९४८ च्या सुरुवातीस गाव रिकामे झाले. काही मुली येथल्या मुलांशी लग्न करून कोल्हापुरातच राहिल्या आणि पुढे नातवंडांशी मराठीत बोलल्या. ज्यांचा प्रवास येथेच संपला, त्यांच्या कबरी कोल्हापूरच्या दफनभूमीत आहेत.

इतका इतिहास लक्षात घेऊन आता या स्मृतिलेखनाकडे पाहू. पहिली गोष्ट, पोलिश ग्रंथाचे बळ. हा ग्रंथ एखाद्या इतिहासकाराने बाहेरून लिहिलेला नाही. ज्यांनी भोगले त्यांनी उतारवयात एकत्र येऊन आपली कागदपत्रे, छायाचित्रे, आठवणी यांची जुळवाजुळव केली. एकाची चूक दुसऱ्याने सुधारली, एकाची विस्मृती दुसऱ्याने भरून काढली. त्यामुळे त्यात शैलीची सफाई कमी असली तरी सामूहिक साक्षीचे वजन आहे. धर्मग्रामाच्या नोंदवहीसारखे ते लेखन आहे : कोरडे, काटेकोर आणि म्हणूनच मधूनच गलबलून टाकणारे.

पण याच बळात त्याची मर्यादाही आहे. २००० साली लिहू-सांगू शकणारी माणसे म्हणजे १९४३ सालची मुले. म्हणून या ग्रंथातील वळिवडे हे मुलांचे वळिवडे आहे. ऊन, नदी, आंबे, शेकोटी, नाटके, पहिली मैत्री. सैबेरियाच्या अंधारानंतर आलेला हा प्रकाश त्यांना स्वर्गासारखा वाटला, यात खोटे काहीच नाही. मात्र त्यांच्या आया तेव्हा तिशी-चाळिशीत होत्या. एखादे मूल वाटेत रुळांशेजारी पुरून आलेली, नवऱ्याच्या पत्राची वाट पाहणारी, उष्ण्याने आणि हिवतापाने थकलेली ती आई या ग्रंथात क्वचितच स्वतः बोलते. ती बोलती तर कदाचित वेगळे गाव दिसले असते. आनंदाची आठवण ही बहुधा त्या आयांनी मुलांपासून लपवलेल्या दुःखाची कमाई आहे. हा ग्रंथ वाचताना ते लपवलेले पान मनातल्या मनात लावून घ्यावे लागते.

दुसरी मर्यादा आपल्या बाबतीतली. या आठवणींत भारत आहे, पण भारतीय माणूस बहुतेक पार्श्वभूमीला उभा आहे : दूधवाला, शिंपी, फळवाली. त्याला चेहरा आहे, नाव क्वचित आहे. वसाहत नांदत होती त्याच १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसे मरत होती. शेजारच्या सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार इंग्रजांशी झुंजत होते. खुद्द कोल्हापूर संस्थानात माधवराव बागल, रत्नाप्पा कुंभार यांची प्रजा परिषद लोकांचे हक्क मागत होती. रशियाच्या गुलामीतून सुटलेली ही माणसे ज्या देशात आली तोही स्वातंत्र्य मागत होता, याची जाणीव त्या आठवणींत पुसट आहे. मुलांकडून ती अपेक्षा करू नये, हे खरे. आणि ज्या इंग्रजांनी आश्रय दिला त्यांच्याविरुद्धचा लढा परक्या डोळ्यांना समजणे कठीण, हेही खरे. तरीही अपवाद होते. ‘उमादेवी’ या नावाने भारतात ओळखली गेलेली पोलिश लेखिका वांदा दिनोव्स्का हिने आपल्या देशबांधवांना भारताची ओळख व्हावी म्हणून कळकळीने परिश्रम घेतले. तिच्यासारखी माणसे दोन जगांमधला पूल होती. स्मृतिलेखनात त्या पुलाची लांबी अजून वाढायला हवी.

तिसरा मुद्दा आमच्या बाजूच्या कथेचा. वळिवड्याविषयी आपल्याकडे जे बोलले जाते त्याचा सूर बहुधा एकच : कोल्हापूरच्या महाराजांनी उदार मनाने पोलिश निर्वासितांना आश्रय दिला. ही कथा ऐकायला गोड आहे, पण तिला तपासून घेतले पाहिजे. १९४३ साली कोल्हापूरच्या गादीवर शिवाजी नावाचे बालमहाराज होते आणि त्यांचे वय दोन वर्षांच्या आसपास होते. कारभार रीजन्सीकडे होता. छावणीचा निर्णय भारत सरकारचा, खर्चाचा भार पोलिश सरकारचा आणि जागा व शेजार कोल्हापूर संस्थानाचा, अशी ती तिहेरी रचना होती. स्वतः पुढाकार घेऊन मुलांना बोलावणारा आणि त्यांचा पालक म्हणवून घेणारा राजा होता तो नवानगरचा. पोलंडमध्ये नवे सरकार आल्यावर अनाथ मुलांना सक्तीने परत नेले जाऊ नये म्हणून जामसाहेब, बालाचडीचे फादर फ्रान्सिशेक प्लुता आणि तेथील ब्रिटिश अधिकारी यांनी कायद्याने त्या मुलांचे पालकत्व घेतले, हा प्रसंग भट्टाचार्जींच्या पुस्तकातून नीट कळतो. बालाचडीची ही कथा आपण नकळत वळिवड्यावर चढवतो. माहितीपटाचाही भर मुख्यतः बालाचडीवरच असल्याने हा गोंधळ वाढतो.

यामुळे कोल्हापूरचे मोठेपण कमी होते काय? आमच्या मते उलट ते योग्य ठिकाणी जाते. पाच हजार परक्या स्त्री-मुलांची वस्ती पाच वर्षे एका संस्थानी शहराच्या शेजारी निर्धास्त राहू शकली, ती केवळ हुकमाने नव्हे. भाषा न कळणाऱ्या गिऱ्हाइकाला हातवाऱ्यांनी भाव सांगणारा बागवान, चित्र पाहून परकरऐवजी झगा शिवणारा शिंपी, नदीवर शेजारी कपडे धुणारी बाई यांचा तो शेजारधर्म होता. राजाचे नाव दगडावर कोरता येते. शेजारधर्माला शिळा नसते. म्हणूनच साहित्याने त्याची नोंद घ्यायला हवी होती. आमच्या वाचनातील मराठी ललित लेखनात वळिवड्याची छाया फार पुसट आहे. खेड्यापाड्यांचे इतके जिवंत चित्रण करणाऱ्या आपल्या ग्रामीण साहित्याच्या अंगणात हे परके गाव उभे होते आणि कथेने त्याच्या दारावर क्वचितच थाप मारली, ही खंत नोंदवलीच पाहिजे.

चौथा मुद्दा अधिक बोचरा आहे. १९४८ मध्ये पोलिश माणसे गेली, पण चाळी रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेल्या कुटुंबांना त्याच जागी आसरा देण्यात आला. आजचे गांधीनगर, सगळ्या दक्षिण महाराष्ट्राला ठाऊक असलेली घाऊक कापडाची पेठ, ती हीच. एकाच छपराखाली एकापाठोपाठ दोन निर्वासित समाज राहिले : एकाचे घर याल्टाच्या टेबलावर गेले, दुसऱ्याचे फाळणीच्या रेषेवर. पहिल्याची आठवण आपण कौतुकाने सांगतो, पाहुणे म्हणून. दुसऱ्याची आपण व्यापारी म्हणून ओळख ठेवतो. तोही निर्वासित होता, त्याच्याही आयांनी त्याच चुली पेटवल्या, हे विसरतो. जो पाहुणा परत जातो त्याच्यावर प्रेम करणे सोपे असते. जो शेजारी म्हणून कायमचा राहतो, दुकान थाटतो, आपल्याशी स्पर्धा करतो, त्याच्याशी शेजारधर्म पाळणे ही खरी परीक्षा. वळिवड्याचा स्मृतिस्तंभ वाचताना गांधीनगरचे पान उलटले नाही तर वाचन अर्धवट राहते.

येथे आम्हांला ताम्हिणीच्या वाटेवरील पाण्याकडे परत यायचे आहे. १९२१ साली याच मुळशी पेट्यातील शेतकऱ्यांनी सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. धरणाचे पाणी बोगद्यातून कोकणात भिरा येथे सोडून मुंबईसाठी वीज करायची होती आणि त्यासाठी भाताची खाचरे, घरे, देवळे बुडणार होती. सत्याग्रह तीन वर्षे चालला, माणसे तुरुंगात गेली आणि शेवटी धरण झाले. त्या लढ्यावर विनायकराव भुस्कुटे यांनी मराठीत लिहिले, राजेंद्र व्होरा यांनी संशोधन केले. दोन्ही लेखने मोलाची आहेत. पण त्यांत बोलतात ते लढ्याचे नेते आणि अभ्यासक. बुडालेल्या गावांतील माणसांनी स्वतः जमून, एकाने दुसऱ्याची आठवण दुरुस्त करीत रचलेला, वळिवड्याच्या पोलिश मुलांसारखा ग्रंथ मावळाच्या वाट्याला आला नाही. पोलिश माणसांजवळ शाळा होती, लेखणी होती, जगभर पांगूनही एकमेकांना पत्र लिहिण्याची सवय होती. मावळातील शेतकऱ्याजवळ यांतले काहीच नव्हते. म्हणून परदेशातून आलेल्या विस्थापितांचा स्तंभ आपल्याकडे उभा राहिला आणि घरातल्या विस्थापितांच्या आठवणीवर पाणी राहिले.

ही तुलना पोलिश आठवणींना कमीपणा आणण्यासाठी नाही. उलट त्यांनी आपल्याला एक गोष्ट शिकवली आहे : ज्या गावाचे आयुष्य पाच वर्षांचे होते ते केवळ नीट नोंद ठेवल्यामुळे ऐंशी वर्षे जगले. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सातील कोल्हापूर स्मारकाला फुले वाहिली, तेव्हा कोल्हापूरकरांना अभिमान वाटला आणि तो रास्त होता. पण त्या फुलांमागे आहेत ती लंडनच्या थंडीत बसून जुनी छायाचित्रे चिकटवणारी, नावांच्या याद्या तपासणारी म्हातारी माणसे. स्मृती आपोआप टिकत नाही. कोणीतरी ती वहीत उतरवावी लागते.

आपल्या वाचककुटुंबांना आमची विनंती यातूनच येते. आपल्याही गावांचा चेहरा मोठ्या शहराच्या सावलीत झपाट्याने बदलला आहे. शेते गेली, विहिरी बुजल्या, नवी माणसे आली. आलेल्यांत उत्तरेकडून, मराठवाड्यातून, कोकणातून पोटासाठी घर सोडून आलेलेही पुष्कळ आहेत. आपल्या आजी-आजोबांच्या आठवणी लिहून ठेवाव्यात, हे तर खरेच; पण आपल्या चाळीत, आपल्या शेजारी भाड्याने राहणाऱ्या परक्या कुटुंबाने आपल्याविषयी उद्या काय लिहावे, याचाही विचार आजच करावा. वळिवड्याच्या मुलांनी म्हातारपणी कोल्हापूरच्या माणसांचे नाव कृतज्ञतेने घेतले. ते शब्द त्या फळवालीला, त्या शिंप्याला, त्या नदीवरच्या बाईला ऐकायला मिळाले नाहीत. तरी ते त्यांचेच होते. नाताळच्या संध्याकाळी पोलिश घरात जे एक ताट मोकळे ठेवले जाते, ते आपल्याही घरात मांडता आले, तर या गावाची आठवण आपण नीट वाचली असे म्हणता येईल.